स्वातंत्र्ययुद्धाचे भागीदार

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचे नाव निघताच लेक्सिंग्टनचे शेतकरी आणि व्हॅली फोर्जचे कुडकुडणारे सैनिक डोळ्यांपुढे उभे राहतात. सेलेम, बेव्हर्ली, न्यूबरीपोर्ट येथील व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवरून जे युद्ध लढले गेले, त्याची वासलात मात्र बहुधा एका परिच्छेदात लागते. वस्तुतः ब्रिटिश व्यापाराला समुद्रावर जेरीस आणले ते मुख्यतः खासगी जहाजांनीच.

मार्च १७७६ मध्ये काँग्रेसने शत्रूची व्यापारी गलबते पकडण्याची मुभा खासगी जहाजांना दिली. शंभर टनांपर्यंतच्या जहाजास ५,००० आणि त्याहून मोठ्यास १०,००० डॉलरची हमी लिहून द्यावी लागे. युद्धकाळात काँग्रेसने असे सुमारे १,७०० परवाने दिले. सरकारी आरमाराची जहाजे मात्र काही डझनच होती.

जहाज, तोफा, दारूगोळा, शिधा हा खर्च एकट्याला पेलणारा नव्हता. म्हणून जहाजाचे आठ, सोळा, बत्तीस असे हिस्से पाडले जात. धूर्त व्यापारी एकाच जहाजात सर्वस्व न ओतता अनेक जहाजांत थोडेथोडे हिस्से घेई. पकडलेले गलबत बंदरात आणून न्यायालयाकडून ते कायदेशीर लूट ठरवून घ्यावे, मग त्याचा लिलाव व्हावा आणि निम्मी रक्कम मालकांना, निम्मी खलाशांना मिळावी, असा सर्वसाधारण रिवाज होता. खलाशाला बहुधा पगार नसे. कित्येक जण निघण्यापूर्वीच आपला भावी वाटा रोख पैशांसाठी विकून टाकीत. तो विकत घेणारेही धक्क्यावर हजर असत!

आरमाराला माणसे मिळेनात ती यामुळेच. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे विल्यम व्हिपल स्वतः व्यापारी. पण या धंद्याने नीतिमत्ता बिघडते, अशी त्यांची कडवट तक्रार होती. दुसरीकडे, सेनापती नॅथॅनेल ग्रीन यांनीच यात पैसा गुंतवला आणि घालवला. न्यूबरीपोर्टचे नॅथॅनेल ट्रेसी वैभवाच्या शिखरावरून दिवाळखोरीत गेले. सेलेमच्या एलायस डर्बी यांचे ‘ग्रँड टर्क’ मात्र युद्धानंतर चीनला गेले आणि १७८७ मध्ये चहा व चिनी मातीची भांडी घेऊन परतले.

व्यापारी बुडाला तर पैशाने बुडे. खलाशाचे तसे नव्हते. आपल्या आंग्र्यांना चाचे म्हणणाऱ्या इंग्रजांनी १७७७ च्या कायद्याने या खलाशांनाही चाच्यांच्याच पंक्तीला बसवले. न्यूयॉर्कच्या खाडीतील ‘जर्सी’सारख्या तुरुंग-जहाजांवर रोगराईने आणि उपासमारीने हजारो कैदी मेले. त्यांची हाडे पुढे कित्येक वर्षे ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर उघडी पडत होती.