गाठोडे ठेवायचे कुठे, सोडायचे कुठे?

संगणकाचे बटण दाबल्यापासून तो कामाला लागेपर्यंत जे थोडे क्षण जातात, त्यांत एक गमतीदार अडचण सोडवली जाते. कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, डिस्कवर बहुधा दाबून लहान केलेल्या रूपात असतो. तो स्मृतीत आणायचा आणि तेथेच उलगडायचा. पण दाबलेले गाठोडे ठेवायचे कुठे, आणि उलगडलेला माल मांडायचा कुठे? जागा चुकली तर उलगडलेला भाग अजून न वाचलेल्या भागावर पसरतो, तो पुसला जातो आणि सगळेच थांबते. चूक निस्तरायला त्या वेळी दुसरे कोणी नसते, कारण कर्नेलच अजून उठायचा असतो.

लिनक्सचे उदाहरण घेऊ, कारण त्याची आज्ञावली कोणालाही वाचता येते. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली ती पीसीसाठी लिहिली, आणि पीसीला एक जुना वारसा होता. १९८१ च्या आयबीएम पीसीतील प्रक्रियकाला पत्त्यासाठी २० तारा होत्या. २ चा २० वा घात म्हणजे १०,४८,५७६, म्हणून स्मृती १ मेगाबाइट. त्यातले ६४० किलोबाइट आज्ञावल्यांसाठी, वरचे ३८४ किलोबाइट पडदा, बायॉस वगैरेंसाठी. पुढचे प्रक्रियक कितीतरी मोठे झाले, तरी जागे होताना ते या लहान घरातच जागे होत.

लिनक्सचे पहिले दाबलेले रूप ‘झेड-इमेज’ या नावाचे. ते ६४ किलोबाइटच्या खुणेपासून ठेवत. ५७६ किलोबाइटच्या खुणेशी सुरुवातीची छोटी आज्ञावली बसलेली असे. मध्ये उरले ५१२ किलोबाइट. उलगडलेला कर्नेल १ मेगाबाइटच्या वर मांडला जाई, त्यामुळे गाठोडे आणि माल यांची गाठ पडतच नसे. फारच सुटसुटीत व्यवस्था! फक्त कर्नेल वाढत गेला आणि गाठोडे त्या ५१२ किलोबाइटांत मावेना.

१९९६ च्या फेब्रुवारीत हान्स लेर्मेन आणि वेर्नर आल्मेसबर्गर यांनी गाठोडेच १ मेगाबाइटच्या वर नेले. हे ‘बीझेड-इमेज’. (यातला ‘बी’ म्हणजे ‘बिग’, मोठा. दाबण्याच्या ‘बीझिप’ या पद्धतीशी त्याचा संबंध नाही. हा गैरसमज बराच पसरलेला आहे.) पण आता मूळचा प्रश्न उभा राहिला. कर्नेलला जिथे बसायचे, तिथेच गाठोडे पडलेले! म्हणून उलगडलेला माल आधी खालच्या रिकाम्या जागेत आणि उरलेला गाठोड्याच्याही वर ठेवत, व शेवटी दोन्ही तुकडे उचलून १ मेगाबाइटपाशी जोडत. चालले, पण हमाली दुप्पट.

२००७ पासूनच्या कर्नेलमधली युक्ती अधिक सुंदर आहे. ती वर्गात चौकोनी कागदाच्या पट्टीवर करून पाहता येते. समजा, मूळ मजकूर ‘कककककक खख गगगग’ असा १२ अक्षरांचा आहे. दाबल्यावर तो ‘क६ख२ग४’, म्हणजे ६ चौकोन. पट्टी १२ चौकोनांची. गाठोडे १ ते ६ मध्ये ठेवून तिथूनच उलगडू लागलो, तर पहिले ‘क६’ लिहितानाच ‘ख२ग४’ पुसले जाते. तेच गाठोडे ७ ते १२ मध्ये ठेवा. ‘क६’ वाचून १ ते ६ भरा. ‘ख२’ वाचून ७ व ८ भरा. ते चौकोन आधीच वाचून झाले आहेत. ‘ग४’ वाचून हातात घ्या आणि ९ ते १२ भरा. काहीही हरवले नाही. लिहिणारा वाचणाऱ्याच्या मागे धावतो आणि शेवटच्या रेषेवर त्याला गाठतो.

मात्र ‘क९ख१ग१घ१’ घेतले तर फसगत होते. गाठोडे आता ८ चौकोनांचे, ५ ते १२ मध्ये. ‘क९’ लिहिताना ७, ८, ९ हे न वाचलेले चौकोन पुसले जातात. पट्टी ३ चौकोनांनी लांबवून गाठोडे ८ ते १५ मध्ये ठेवले की काम होते. लिनक्सही असेच करते. गाठोडे राखीव जागेच्या अगदी टोकाला सरकवते, आणि वाईटात वाईट परिस्थिती धरून हिशेबाने जादा जागा सोडते. सरकवण्यातही एक मेख आहे. जुनी आणि नवी जागा एकमेकींवर येऊ शकतात, म्हणून शेवटचा बाइट आधी, पहिला सर्वांत शेवटी, अशी उलटी नक्कल केली जाते. उलगडणारी आज्ञावलीही गाठोड्याबरोबरच सरकते, आणि नव्या जागी पोहोचल्यावर तिथूनच पुढचे काम करते.

आता कर्नेलला १ मेगाबाइटचेच घर हवे असेही राहिलेले नाही. पीसीवर त्याची ठरलेली जागा पुढे १६ मेगाबाइटपाशी गेली, आणि २०१४ पासून प्रत्येक वेळी चिठ्ठी टाकून नवी जागा निवडण्याची सोय झाली. घुसखोराला पत्ता आधी कळू नये, हा हेतू. जागा कोणतीही निघो, पट्टीचा हिशेब तोच.

विद्यार्थ्यांना ‘क१ख१ग१घ९’ देऊन पाहा. अक्षरे १२ च आणि गाठोडे ८ चौकोनांचेच, पण येथे एकही जादा चौकोन लागत नाही. इतकेच नव्हे, गाठोडे १ ते ८ मध्ये ठेवले तरी चालते. असे का, हे त्यांनाच शोधू द्या.