विंडोज १० चा ‘सपोर्ट संपला’ म्हणजे नेमकं काय संपलं?

बाजाराच्या गावी सातबारा काढायला सेवा केंद्रात गेलो होतो. केंद्र चालवणारा पोरगा स्क्रीनवरची सूचना दाखवून म्हणाला, “दादा, मशीन बंद पडणार का आता? नवीन घ्यायला पैसे कुठून आणू?” हाच प्रश्न आमच्या डेअरीतही ऐकला, म्हणून लिहितोय.

मशीन बंद पडत नाही. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आणलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट थांबवला. दुसऱ्या दिवशीही मशीन सुरू झालं, प्रिंट निघाली. थांबली ती दर महिन्याला फुकट येणारी सुरक्षेची दुरुस्ती. शेताचं कुंपण आज उभं आहे, पण खांबाला वाळवी लागली तर बदलायला कुणी येणार नाही, असं समजा. डुक्कर आज घुसेल की वर्षानं, सांगता येत नाही. आणि सेवा केंद्राच्या मशीनवर गावाचे आधार, पासबुकं असतात.

‘सगळ्यांनाच नवीन कॉम्प्युटर घ्यावा लागेल’ असं काही दुकानदार सांगतात, ते खरं नाही. विंडोज ११ फुकट चढतं, पण मशीनमध्ये टीपीएम २.० हवं, ४ जीबी रॅम हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे फुकट ॲप टाकलं की बसतं की नाही ते कळतं. बसत नसेल तर घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळायची सोय आहे. त्यासाठी आवृत्ती २२एच२ हवी (सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे बघा) आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावर होते. संस्था-ऑफिसांना वेगळे पैसे भरावे लागतात.

माझी तक्रार वेगळी आहे. बियाण्याच्या पिशवीवर वैधतेची तारीख छापलेली असते, मशीनच्या खोक्यावर का नाही? सॅमसंगनं एस २४ ला ७ वर्षं अपडेट देतो असं सांगितलं, पण तो महागडा फोन. आपल्या हातातल्या स्वस्त फोनला किती वर्षं, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ उघडून सुरक्षा अपडेटची तारीख बघा. दोन वर्षं जुनी असेल तर त्यावर बँकेचं ॲप ठेवू नका.

त्या पोराचं पुढचं मशीन विंडोज ११ ला पास झालं. आधी सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या, मग रात्री अपडेट लावलं. मागचं जुनं मशीन नापास. त्याची नेटची वायर काढली, आता त्यावर फक्त अर्ज टाइप होतात.