एकटं असणं म्हणजे एकाकी असणं नव्हे

इंग्रजीतला ‘अलोन’ हा शब्द ‘ऑल’ आणि ‘वन’ यांच्या जोडातून घडला. अर्थ ‘सर्वस्वी एक’. त्याचं आद्याक्षर गळून ‘लोन’ झाला, त्यातून ‘लोनली’ आला आणि उणेपणाची छटा गडद झाली. नृसिंहवाडी या दत्तक्षेत्राचा एकांत मात्र पहिल्या, ‘सर्वस्वी एक’ या अर्थाचा आहे. परंपरा सांगते, दत्ताचे अवतार मानले जाणारे नृसिंह सरस्वती इथे कृष्णा-पंचगंगा संगमाजवळ औदुंबरातळी 12 वर्षं राहिले. पण भिक्षेला अमरापूर गावात जात. ‘गुरुचरित्र’ या ग्रंथातली, गरिबाघरच्या भिक्षेची घेवड्याच्या वेलाची कथा तिथलीच. मुक्काम एकट्याचा, अन्न मात्र गावाचं. आज दत्तजयंतीला घाटावर पाय ठेवायला जागा नसते, मग एकांत उरला कुठे, असं कोणी विचारेल. पण त्याच रेटारेटीत, ओल्या धोतराने प्रदक्षिणा घालणाऱ्याचा जप खांद्याला खांदा घासला तरी तुटत नाही.