चौघांचा प्रोजेक्ट, सहा जोड्या

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला गटाने करायचा प्रोजेक्ट असतो. चौघांपैकी एक जण कोड लिहितो, दुसरा रिपोर्ट, तिसरा पीपीटी आणि चौथा बाइंडिंग करून आणतो. मग प्लेसमेंट तोंडावर आली की ‘सॉफ्ट स्किल्स’चं शिबिर भरतं. खरं तर ही कौशल्यं शिकायची जागा प्रोजेक्टच आहे.

फ्रेड ब्रुक्स यांनी ‘द मिथिकल मॅन-मंथ’ (१९७५) या पुस्तकात एक साधा हिशेब मांडला. चौघांच्या गटात एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या ६ होतात, आठ जणांत २८. माणसं दुप्पट झाली, तर समन्वयाचं काम जवळजवळ पाचपट वाढतं. ते सांभाळायच्या सवयी अशा लावता येतात.

सुरुवात रोजच्या छोट्या बैठकीने करावी. सॉफ्टवेअर गटांच्या ‘स्क्रम’ या कार्यपद्धतीत तिला १५ मिनिटांची मर्यादा आहे. काल काय झालं, आज काय करणार आणि कुठे अडलंय, एवढंच प्रत्येकाने सांगायचं. मुलं अडचण लपवतात आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं उघड होतं. म्हणून ‘अडलंय’ म्हणणाऱ्याचे गुण कापू नयेत. बैठक मराठीत झाली तरी चालेल. फाडफाड इंग्रजी म्हणजे सॉफ्ट स्किल नव्हे.

पुढची सवय बग नीट सांगण्याची. ‘लॉगिन चालत नाही’ यातून काहीच कळत नाही. ‘पासवर्डच्या शेवटी स्पेस पडली की “चुकीचा पासवर्ड” येतं, स्पेस काढली की लॉगिन होतं’ असं लिहिलं, तर दुरुस्त करणाऱ्याचं निम्मं काम होतं.

मग कोड रिव्ह्यू. दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय कोड मुख्य शाखेत जाऊ द्यायचा नाही. ‘हे काय लिहिलंयस?’ म्हटलं की भांडण होतं. ‘यादी रिकामी असली तर इथे काय होईल?’ असं विचारलं की समोरचा स्वतःच कोड पुन्हा तपासतो.

शेवटी, जो सॉफ्टवेअर वापरणार त्याच्यासमोर डेमो. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर केलं असेल, तर ते तिथल्या कर्मचाऱ्याला ‘डेटाबेस’, ‘एपीआय’ हे शब्द न वापरता दाखवावं. ‘पुस्तक हरवलं तर नोंद कुठे करू?’ असं त्याने विचारलं, तर तिथे सारवासारव न करता प्रश्न लिहून घ्यायचा.

या सगळ्याला गुण मात्र हवेत, नाहीतर पहिल्या डेडलाइनलाच सवयी सुटतात. पुरावा शोधावा लागत नाही: कोणी काय लिहिलं, रिव्ह्यूत काय सुचवलं, याची नोंद गिटहबवर तारखेनिशी असते. अंतिम परीक्षेची वाट न पाहता मार्गदर्शकाने ती दर पंधरवड्याला गटासोबत बसून वाचावी.