चीड वृक्षाची बियांपासून लागवड

चीड (शास्त्रीय नाव: पायनस रॉक्सबर्घाय) हा हिमालयाच्या पायथ्यापासून सुमारे 2,000 मीटर उंचीपर्यंत वाढणारा सूचिपर्णी वृक्ष आहे. संस्कृत वाङ्मयात त्याला 'सरल' म्हटले आहे. जातिनाम विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ दिलेले आहे. पाइनच्या शंभराहून अधिक जातींपैकी घरी बियांपासून वाढविण्यास चीड ही तुलनेने सोयीची जात आहे. तिचे बी रुजविणे कठीण नाही; रुजल्यानंतरचे पहिले काही महिने रोप जगविणे कठीण असते आणि अपयश बहुधा याच टप्प्यावर येते.

जातीची निवड

भारतात नैसर्गिकरीत्या आढळणाऱ्या पाइनमध्ये चीड, कैल, चिलगोजा आणि ईशान्येकडील खासी पाइन या प्रमुख जाती होत. यांपैकी कैल आणि चिलगोजा थंड प्रदेशातील आहेत. मैदानी भागातील उन्हाळा त्यांना मानवत नाही. चीड मात्र डेहराडूनसारख्या पायथ्याच्या भागातील उष्णताही सहन करते.

बाजारात सुका मेवा म्हणून मिळणारा चिलगोजा पेरून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. तो भाजलेला असल्यास त्यातील गर्भ मेलेला असतो, आणि कच्च्या बियांची उगवणक्षमताही साठवणुकीत लवकर घटते. महाराष्ट्रातील रोपवाटिकांत 'पाइन' किंवा 'ख्रिसमस ट्री' या नावाने विकले जाणारे कुंडीतील झाड बहुधा अरोकॅरिया असते. ते दक्षिण प्रशांत महासागरातील बेटांवरचे असून त्याचे कुल वेगळे आहे. पाइनची ओळख पटविण्यास पाने पाहावीत: खऱ्या पाइनच्या सुया झुबक्यांनी येतात. चीडच्या एका झुबक्यात तीन सुया असतात व त्यांची लांबी 20 ते 30 सेंमी. असते.

बी

पाइन ही अनावृतबीज वनस्पती असल्याने तिला फळ धरत नाही. बिया शंकूच्या खवल्यांवर उघड्या असतात. परागणानंतर चीडचा शंकू पक्व होण्यास सुमारे दोन वर्षे लागतात. हिवाळ्याच्या अखेरीस तपकिरी झालेले, परंतु न उघडलेले शंकू झाडावरून काढून उन्हात पसरल्यास खवले उघडतात व पंख असलेल्या बिया झडतात. जमिनीवर पडलेला, पूर्ण उघडलेला शंकू दिसायला सुंदर असला तरी तो बहुतेक वेळा रिकामाच असतो.

कैलसारख्या थंड प्रदेशातील जातींच्या बिया पेरण्यापूर्वी काही आठवडे ओलसर वाळूत, शीतकपाटात ठेवाव्या लागतात; त्याशिवाय त्या एकसारख्या उगवत नाहीत. चीडच्या बियांना ही प्रक्रिया लागत नाही. त्या एक दिवस पाण्यात भिजविल्या तरी पुरे.

पेरणी व उगवण

हिमालयीन भागात पेरणी साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये करतात. माती हलकी, किंचित आम्ल आणि निचऱ्याची हवी. दख्खनच्या पठारावरील काळी माती पाणी धरून ठेवते व बहुधा विम्लधर्मी असते, त्यामुळे ती या कामी अयोग्य ठरते. तिच्याऐवजी जाड वाळू, पोयटा आणि कुजलेला पालापाचोळा यांचे मिश्रण घ्यावे. बी सुमारे एक सेंमी. खोल पेरावे. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसू लागतात.

अंकुर वर येताना बीजकवच डोक्यावर टोपीसारखे घेऊन येतो. पक्षी त्यासाठी अंकुरच खुडतात, म्हणून वरून जाळी लावावी; टोपी हाताने ओढून काढू नये, ती आपोआप गळते. त्यानंतर साधारण डझनभर बीजपत्रे चक्राकार पसरतात. पुढे येणारी पाने सुटी, आखूड व निळसर हिरवी असतात. झुबक्यांतील खऱ्या सुया बऱ्याच उशिरा येतात, त्यामुळे भलतेच झाड उगवले अशी शंका घेऊन रोप उपटू नये.

रोपे कोलमडणे

उगवणीनंतरचा सर्वांत मोठा धोका म्हणजे रोपे कोलमडणे. पिथियम, फ्युजेरियम, रायझोक्टोनिया इत्यादी सूक्ष्मजीव मातीलगतचा कोवळा देठ कुजवितात आणि आदल्या दिवशी टवटवीत दिसणारे रोप आडवे होते. मिरची-टोमॅटोच्या वाफ्यात शेतकऱ्यांना परिचित असलेला हाच रोग होय. एकदा देठ कुजल्यावर उपाय नाही. दाट पेरणी, कोंडलेली हवा, सावली आणि रोजचे सवयीने घातलेले पाणी ही त्याची कारणे आहेत. मातीचा वरचा थर सुकू देऊनच पुन्हा पाणी द्यावे. चीड प्रकाशप्रिय असल्याने काळजीपोटी रोप घरात ठेवणे हे बहुधा त्याच्या मुळावर येते.

मुळे आणि कवक

निरोगी दिसणारे रोप कित्येकदा महिनोन्‌महिने वाढत नाही व पिवळट पडते. पाइनची मुळे विशिष्ट कवकांशी सहजीवन साधतात (मायकोरायझा). हे कवक मातीतील स्फुरद व पाणी मुळांना पुरवितात आणि झाडाकडून शर्करा घेतात. विसाव्या शतकाच्या मध्यास पोर्टो रिको बेटावर लावलेली पाइनची रोपे खुरटत राहिली आणि पाइनच्या जंगलातील माती मिसळल्यावरच वाढू लागली. म्हणून वाढलेल्या पाइनखालची मूठभर माती कुंडीत मिसळणे हे खताहून अधिक उपयोगी असते.

पहिल्या वर्षी रोपाची बरीचशी शक्ती सोटमूळ खोल नेण्यात खर्च होते. पिशवी किंवा कुंडी किमान 20 सेंमी. खोल असावी. उथळ कुंडीत मूळ वेटोळे घेते. तो दोष नंतर सुधारत नाही आणि मोठे झालेले झाड वाऱ्यात उन्मळू शकते. कायम जागी लावणी पावसाळ्याच्या सुरुवातीस, मुळाभोवतीची माती न फोडता करतात.

नैसर्गिक पुनरुत्पत्ती

जंगलात बिया एप्रिल-मेच्या सुमारास झडतात व पावसाळ्यात रुजतात. झडलेल्या सुयांना उत्तराखंडात 'पिरूल' म्हणतात. उन्हाळ्यात पिरूल पेटून वणवे लागतात. कालिदासाच्या मेघदूतातही सरलवृक्षांच्या घर्षणाने पेटणाऱ्या वणव्याचा उल्लेख आहे. लहान रोपाचा शेंडा जळाला तरी ते बुंध्यापासून पुन्हा फुटू शकते. पाइनच्या बहुतेक जातींत ही क्षमता नसते.