टक् होतं, पण हलत नाही

टेम्पोच्या फळीवरून गाडी मागं-मागं उतरते आणि कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरच्या एका शेडपुढं उभी राहते. शेजारी लेथ चालू आहे, पलीकडं कुणीतरी पंपाचं कास्टिंग घासतंय. छताचं कापड फाटलेली, मागच्या सीटचा फोम बाहेर आलेली ही जुनी गोल्फ कार्ट या गल्लीत पाहुणीच. लेथवरची पोरंही हात पुसत बघायला येतात.

बंद पडलेल्या एका रिसॉर्टकडून ही गाडी आमच्या वृद्धाश्रमाला मिळाली. आमच्याकडं खोल्या खाली आणि जेवणघर वर, मध्ये चढ. गुडघे गेलेल्यांना दोन वेळच्या पंगतीला हीच नेते. गाडी थांबल्यापासून त्यांचे डबे खोलीवर जातात. जेवण तेच, पण शेजारी कुणी नसलं की आमची माणसं निम्मं ताट ठेवून देतात. म्हणून मला ही गाडी चालायला हवीच आहे.

पेडल दाबलं की सीटखाली टक् असा आवाज येतो आणि गाडी जागची हलत नाही. एका दुकानदारानं सहाच्या सहा बॅटऱ्या बदला म्हणून सांगितलंय, दुसऱ्यानं मोटर भरून घ्या. संस्थेनं मंजूर केलेत ₹१२,०००. यातलं काहीच त्यात बसत नाही.

मिस्त्री सगळं ऐकून घेतात आणि आधी बोटातली अंगठी काढून खिशात टाकतात, मग हातातलं कडं. "पान्याला आणि कड्याला एकदम टर्मिनल लागलं तर बोट भाजतंय सर, कडं लाल हुतंय." त्यांच्या पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली आहे. मागची चाकं जॅकवर घेतली जातात. बिडी पेटवणाऱ्या पोराला ते बाहेर हाकलतात, "बॅटरीतनं गॅस निघतोय, कळतंय का रं?" मग सीट उचलतात.

खाली ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकापुढं एक जोडलेल्या, मिळून ३६. टर्मिनलांवर पांढरा-हिरवा खार चढलाय. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पोरगं ब्रशनं तो धुतं, बुडबुडे फसफसून वर येतात. झाकणं घट्ट ठेवलीत, सोडा आत गेला तर ॲसिडलाच मारेल.

"आता मोजूया. काय घ्यायचं ते नंतर."

मीटर फिरतो आणि मी डायरीत लिहून घेतो. ६.२. ६.२. ६.१. ६.२. पाचवीवर ४.१. शेवटची पुन्हा ६.२. मिस्त्री पाचवीवर परत सुई टेकवतात, आकडा तोच. प्रत्येक बॅटरीत तीन सेल, एकेक साधारण २ व्होल्टचा. दोन व्होल्ट कमी म्हणजे एक सेल पूर्ण गेला. हायड्रोमीटरनं ते खात्री करून घेतात. चांगल्या सेलांतलं ॲसिड १.२३०च्या आसपास तरंगा उचलतं, या एकात १.१००च्या खालीच. पूर्ण चार्ज झालेला सेल १.२६५च्या वर दाखवतो, तेव्हा बाकीच्यांना चार्जची गरज आहे, पण त्या जिवंत आहेत. सहामधली एक गेलीय. सहाच्या सहा बदलायला सांगणाऱ्यानं झाकण उघडून पाहिलं असतं तर त्यालाही हे दिसलं असतं.

पण एक बॅटरी मेली म्हणून गाडी साफ थांबणार नाही, रडतखडत तरी हलेल, असं मिस्त्रींचं म्हणणं. एकूण ३५ व्होल्ट आहेत की. ते सीटखालच्या सोलेनॉइडकडं वळतात. पेडल दाबल्यावर बॅटरीचा प्रवाह कंट्रोलरकडं सोडणारा हा मोठा स्विच. मीटरच्या दोन सुया त्याच्या दोन जाड बोल्टांवर ठेवून ते म्हणतात, "दाबा."

टक्.

"आकडा वाचा."

"चौतीस."

"टक् झाल्यावर शून्य याला पायजे. आतली कॉइल जित्ती हाय, म्हणून वाजतंय. संपर्क जळल्यात, करंट पलीकडं जातच न्हाई." मोटरला त्यांनी अजून हातही लावलेला नाही. त्या मीटरवरच्या एका आकड्यानं मोटर भरण्याचा सगळा खर्च पुसून टाकलाय. मला त्या पिवळ्या, टेप चिकटवलेल्या मीटरबद्दल मनापासून आदर वाटतो.

नवा सोलेनॉइड इथं तयार मिळत नाही. पोरगं कपाटातून मोटर स्टार्टरचा एक कॉन्टॅक्टर घेऊन येतं, मिस्त्री मान हलवतात. तो एसीचा. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती विझत नाही, संपर्क चिकटून बसतात. मग कंट्रोलर बिघडला तर पेडल सोडलं तरी गाडी पळत राहील. माणसं बसवायच्या गाडीत हा धोका घ्यायचा नाही. भंगारात निघालेल्या एका बॅटरीवरच्या फोर्कलिफ्टचा कॉन्टॅक्टर त्यांच्याकडं आहे. ते कॉइलवरचा शिक्का उजेडात धरून बघतात: ३६ व्होल्ट डीसी. संपर्क स्वच्छ आहेत. जुन्यावरचा डायोड आणि रेझिस्टर काढून ते नव्यावर चढवतात, डायोडची पट्टी कुठल्या बाजूला ते दोनदा तपासतात.

पाचव्या बॅटरीसाठी फोन होतात. मी नवी घेऊया म्हणतो. मिस्त्रींना ते पटत नाही. पाच थकलेल्यांत एक ताजी घातली तर जुन्यांच्या संगतीत तीही लवकर बसते. मोटारगाडीची बॅटरी चालणार नाही, तिच्या प्लेटा पातळ असतात. त्या क्षणभर जोर लावायला, तासभर ओढायला नव्हेत. इन्व्हर्टरच्या उंच बॅटऱ्या सीटखाली मावत नाहीत. शेवटी एका भंगारवाल्याकडं ६ व्होल्टची वापरलेली एक सापडते. मिस्त्री पोराला मीटर आणि हायड्रोमीटर देऊनच पाठवतात: तिन्ही सेल सारखे आले तरच पैसे द्यायचे. मेलेली बॅटरी शिशाच्या वजनावर तिथंच वळती होते.

दुपारभर चार्जिंग. मग गाडी जॅकवरून खाली. तात्या, आमचे ड्रायव्हर, बसतात आणि पेडल दाबतात. टक्, आणि चाकं फिरतात. उद्यमनगरच्या गल्लीत गाडी टोकापर्यंत जाऊन परत येते. लेथवाले टाळ्या वाजवतात, माझ्याही वाजतात.

मिस्त्री मात्र सीट उचलून प्रत्येक लगवर हात फिरवतायत. एक कोमट लागतो. तिथली केबल आतून काळी पडलीय; ते वेल्डिंगच्या जाड केबलचा तुकडा कापून नवा लग दाबून बसवतात.

हिशेब होतो. ₹४,००० हून जास्त उरलेत. मी फाटक्या फोमकडं बोट दाखवतो.

"तुमच्याकडं चढ हाय म्हणालासा न्हवं? मग उतारबी असणार." ते मागचं चाक पुन्हा जॅकवर घेऊन फिरवतात आणि ड्रममधून येणारी घरघर मला ऐकवतात. "सीटवर चादर घाला. ब्रेक-शू उद्या सकाळी बसवतो, तोवर गाडी हिथंच."

तात्या किल्ली काढून त्यांच्या हातात देतात.