एका पत्रापायीं अडलेली पेटी

बुलढाणा जिल्ह्यांतील सुशिक्षित घरांत मुलगा पुण्यास, सून हैदराबादेची आणि धाकटी लेक समुद्रापलीकडे, हा प्रकार आतां नवलाचा राहिलेला नाहीं. क्षेमकुशलाचे चार शब्द हल्लीं फोनवर होतात. परंतु ज्यांस कागदाचें मोल आहे अशा गोष्टी, म्हणजे विम्याची पावती, बँकेचा उतारा, नातवाच्या प्रवासाचें तिकीट, कुलवृत्तान्तासाठीं जमविलेलीं जुनीं पानें, अजून ई-मेलनेंच येतात. म्हणून ई-मेलचा प्रोग्रॅम एखादें पत्र उघडतांना जागच्या जागीं खिळून बसला, म्हणजे घरांत जी चिंता पसरते ती केवळ यंत्र बिघडल्याची नसते.

या दुखण्याचें लक्षण असें कीं इतर पत्रें सुरळीत उघडतात आणि एका ठराविक पत्रावर गेलें कीं पडदा गोठतो. चक्र फिरत राहतें. कोणतीहि कळ दाबून उपयोग होत नाहीं. 'हँग झाला' हा शब्द आतां आजीबाईंच्याहि तोंडीं बसला आहे. संगणक बंद करून पुन्हां सुरू करावा, तर कित्येक प्रोग्रॅम शेवटीं पाहिलेलें पत्रच आपण होऊन उघडावयास जातात आणि पुन्हां तेथेंच अडतात. मग कोणी तरी जाणते गृहस्थ, बहुधा शेजारचेच, सुचवितात कीं सर्व काढून टाका आणि प्रोग्रॅम नव्यानें घाला. आमच्या या लेखाचा सारा रोख या सल्ल्याविरुद्ध आहे. तो कधीं निरुपद्रवी ठरतो, आणि कधीं त्यापायीं दहा वर्षांचीं पत्रें जातात. दोहोंपैकीं काय होणार, हें सल्ला देणारास बहुधा ठाऊक नसतें.

खामगावाकडचे कापसाचे जिन ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस आमचें म्हणणें चटकन पटेल. कापसाबरोबर खडा किंवा खिळा आंत गेला म्हणजे यंत्र अडतें. तेव्हां कोणी कापसाची गंजी पेटवून देत नाहीं कीं यंत्र मोडींत काढीत नाहीं. यंत्र थांबवावयाचें, खडा तेवढा शोधून काढावयाचा, आणि पुन्हां चालू करावयाचें.

पत्रांत खडा येतो कोठून? ई-मेलचें पत्र आपल्यास दिसतें तसें प्रवास करीत नाहीं. १९७१ सालीं अमेरिकेंत रे टॉमलिन्सन यांनीं एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडलें, तेव्हां त्यांत साध्या इंग्रजी अक्षरांखेरीज कांहीं मावत नसे. पुढें १९९२ सालीं नॅथॅनिएल बोरेन्स्टाइन व नेड फ्रीड यांनीं 'माइम' नांवाची पद्धति मांडली. तिच्यामुळें चित्रें, ध्वनि, निरनिराळ्या लिपी हें सर्व पत्रांत घालतां येऊं लागलें. मात्र टपालाची वाट जुनीच राहिली. म्हणून छायाचित्र असो कीं दस्तऐवज, त्याचें आधीं साध्या अक्षरांत रूपांतर करावें लागतें. त्यांत तिनाचे चार होतात. सहा एमबीचें छायाचित्र वाटेंत सुमारें आठ एमबीचें होऊन येतें. पत्र मिळालें कीं प्रोग्रॅमानें हीं अक्षरें उलगडून पुन्हां चित्र करावयाचें, कोणता भाग मजकुराचा व कोणता जोडाचा हें निवडावयाचें, मग पानाची मांडणी करावयाची. कुलवृत्तान्ताच्या उत्साहांत एखाद्या काकांनीं चाळीस पानांचीं मोठमोठीं छायाचित्रें एकाच पत्रांत कोंबलीं, तर जुन्या संगणकाची दमछाक होणारच. खाली मागील पांच वर्षांचीं उत्तरें-प्रत्युत्तरें जशींच्या तशीं लटकत ठेवण्याची आपल्या मंडळींची जी खोड आहे, तीहि या ओझ्यांत भर घालते.

दुसरा प्रकार दुकानदारांच्या व बँकांच्या सजविलेल्या पत्रांचा. त्यांतील चित्रें बहुधा पत्रांत नसतातच. पत्र उघडल्यावर प्रोग्रॅम तीं दूरच्या संगणकावरून मागवितो. इंटरनेटचा ओघ मंद असला तर चांगला प्रोग्रॅम मजकूर आधीं वाढतो व चित्रांची वाट पाहूं देतो. कच्चा प्रोग्रॅम मात्र एका पानावरचें वाढप थांबलें म्हणून सर्व पंक्तीस ताटकळत बसवितो.

परंतु पत्र लहान, जोड नाहीं, चित्र नाहीं, तरीहि प्रोग्रॅम कोसळतो असेंहि घडतें. आणि याचीं दोन गाजलेलीं उदाहरणें आपल्या लिपीशीं निगडित आहेत. २०१५ च्या मे महिन्यांत आयफोनवर एक छोटा संदेश फिरूं लागला. त्यांत इंग्रजी शब्द, अरबी अक्षरें, एक चिनी अक्षर आणि देवनागरींतील दीर्घ ॡकाराची खूण एकत्र केलेलीं होतीं. ज्या ॡकाराचा उच्चार वर्णमाला म्हणण्यापलीकडे आपण आयुष्यांत केला नसेल, त्याची खूण या उत्पातांत सामील असावी हें मौजेचें आहे! संदेश पडद्याच्या माथ्यावर थोडक्यांत दाखविण्यासाठीं कोठें तोडावा हा हिशेब फोनास जमेना, आणि फोन बंद होऊन पुन्हां सुरू होई. ॲपल कंपनीनें तात्पुरता तोडगा सांगितला तो असा कीं न वाचलेले संदेश 'सिरी'कडून मोठ्यानें वाचवून घ्यावे व तिच्याचकडून उत्तर धाडावें. म्हणजे डोळ्यांचें दार अडलें तर कानाच्या दारानें जावें! कायमचा उपाय त्या वर्षीच्या ३० जूनच्या आवृत्तींत आला.

फेब्रुवारी २०१८ मधील प्रकार याहून व्यापक होता. तेलुगु लिपींतील एक जोडाक्षर, उच्चारानें आपलें 'ज्ञा', समोर येतांच आयफोनवरील संदेशांचा प्रोग्रॅम, व्हॉट्सॲप, जीमेल, आउटलुक हे सर्व कोसळूं लागले. वर्तमानपत्रांनीं 'तेलुगु अक्षर' म्हणून गवगवा केला. परंतु त्या वेळीं मोझिला संस्थेंत असलेले मनीष गोरेगावकर यांनीं या दोषाची फोड करून दाखविलें कीं बंगाली व देवनागरी याहि त्यांतून सुटलेल्या नाहींत. देवनागरीपुरतें सांगावयाचें तर 'प्र', 'क्र' यांसारखें ज्याच्या पोटांत र जोडला आहे असें अक्षर, त्यापुढें 'येथें जोडूं नये' असें सांगणारें एक अदृश्य चिन्ह, आणि त्यापुढें काना किंवा मात्रा, असा क्रम आला कीं पुरे. हें अदृश्य चिन्ह परकें नव्हे. 'वाङ्‌मय' हा शब्द पाय मोडून नीट उमटावा म्हणून मराठी टंकलेखक तेंच वापरतात. मात्र 'प्र' आणि त्याचा काना यांच्यामध्यें तें मुद्दाम कोणी घालीत नाहीं. चुकून पडलें तर डोळ्यांस दिसत नाहीं, एवढेंच. १९ फेब्रुवारी २०१८ रोजीं ॲपलनें दुरुस्त आवृत्ति काढली. तोंवर लोकांनीं वाट काढली ती अशी: मित्राकडून एक नवा साधा संदेश मागवावयाचा, म्हणजे तो वर येऊन दोषी संदेश मागें पडे, आणि मग तें संभाषण काढून टाकावयाचें.

यावरून आपल्या लिपींतच कांहीं खोट आहे आणि पत्रें रोमन अक्षरांतच लिहिलेलीं बरीं, असें कोणी म्हणूं लागेल तर आम्ही तें मान्य करणार नाहीं. जोडाक्षरें हा लिपीचा हजारों वर्षांचा स्वभाव आहे. तो पुरता न तपासतां प्रोग्रॅम लोकांच्या हातीं दिला, ही करणाऱ्यांची उणीव. आणि ती चार दिवसांत भरून काढतां आली यावरूनच ती लिपीची नव्हती हें उघड होतें.

आतां उपायांकडे वळूं. पहिला उपाय फुकटाचा आहे: घड्याळ लावून पांच मिनिटें स्वस्थ बसावें. तेवढ्यांत पत्र उघडलें तर तें जड आहे, दूषित नाहीं. नाहींच उघडलें, तर दुसऱ्या दारानें जावें. दुसरें दार म्हणजे ब्राउझर. आपली पत्रें ज्या सेवेकडे येतात तिच्या संकेतस्थळावर, दुसऱ्या संगणकावरून किंवा मुलाच्या मोबाईलवरून, आपलें नांव व पासवर्ड देऊन प्रवेश करावा. राजूरच्या घाटांत गाडी अडली म्हणून मलकापुरास उतरलेलें सामान नाहींसें होत नाहीं. तें स्थानकावर जाऊन पाहतां येतें. तसेंच हें आहे. तेथें तें पत्र बहुधा निमूटपणें उघडतें, कारण तेथें वाचणारा प्रोग्रॅम निराळा असतो.

पत्र ओळखीच्या माणसाचें असेल तर जोड उतरवून ठेवावे. जीमेलमध्यें पत्राची मूळ प्रत संबंध उतरवून घेण्याचीहि सोय आहे, तीहि घ्यावी. मग तें पत्र एकदम नष्ट न करितां 'अडलेलीं' अशा नांवाचा वेगळा कप्पा करून त्यांत हलवावें. घरच्या संगणकावरील पेटींतून तें दूर झालें कीं प्रोग्रॅम पुन्हां चालूं लागतो. पत्र अनोळखी माणसाचें असून त्यास जोडहि असेल, तर तें कोणत्याच दारानें उघडूं नये. न उघडतां काढून टाकावें.

दुसरें दार नसेल, किंवा त्या दारानेंहि काम होत नसेल, तर प्रोग्रॅमास स्वतः होऊन पत्र उघडूं न देणें हा मार्ग आहे. आउटलुक कंट्रोलची कळ दाबून धरून सुरू केला तर तो 'सेफ मोड'मध्यें, म्हणजे वरून जोडलेलीं उपकरणें बाजूस ठेवून, उघडतो. त्या अवस्थेंत पत्र न अडतां उघडलें, तर दोष पत्राचा नसून एखाद्या जोड-उपकरणाचा, पुष्कळदां विषाणुरोधकाच्या उपकरणाचा, समजावा. बाजूस पत्र उघडून दाखविणारी चौकट बंद करावी. म्हणजे यादींतील पत्र न उघडतां निवडतां येतें. थंडरबर्डमध्यें सर्व पत्रें साध्या मजकुराच्या रूपांत दाखविण्याची सोय आहे. सजावट गेली कीं पुष्कळ पत्रें शहाण्यासारखीं वागतात. इंटरनेट तोडून पत्र उघडून पाहणें हीहि चांगली परीक्षा. तोडल्यावर उघडलें तर दोष बाहेरून येणाऱ्या चित्रांचा आहे, आणि तीं आपोआप न मागविण्याची आज्ञा प्रोग्रॅमास देतां येते.

एकाच पत्रावर न अडतां प्रोग्रॅम आज या, उद्यां त्या पत्रावर अडत असेल, तर दुखणें पत्राचें नसून कपाटाचें आहे. थंडरबर्ड एका कप्प्यांतील पत्रें बहुधा एकाच लांबलचक फाइलींत एकापुढें एक लिहून ठेवतो व त्यांची अनुक्रमणिका वेगळी ठेवतो. वीज एकाएकीं गेली कीं अनुक्रमणिका अर्धवट राहते. पान सापडेना, पण पोथी शाबूत, अशी ती स्थिति! कप्प्याच्या गुणधर्मांत दुरुस्तीचें बटण आहे. तें दाबलें म्हणजे अनुक्रमणिका नव्यानें तयार होते. काढून टाकलेलीं पत्रेंहि त्या फाइलींत पडून असतात व कप्पा आवळण्याची आज्ञा दिल्यावरच खरोखरी जातात. आउटलुक सर्व कांहीं एका पीएसटी फाइलींत ठेवीत असेल, तर तिच्यासाठीं 'स्कॅनपीएसटी' नांवाचें दुरुस्तीचें साधन त्याच्याच सोबत येतें. ज्यांच्या घरीं २००२ पर्यंतच्या आउटलुकांतील जुनी पीएसटी अजून आहे, त्यांनीं तिची मर्यादा दोन जीबी होती हें ध्यानांत ठेवावें. त्या मर्यादेशीं येतांच ती बिघडत असे.

आतां शेजारच्या गृहस्थांच्या सल्ल्याकडे परत येऊं. प्रोग्रॅम काढून नव्यानें घालणें सुरक्षित आहे कीं नाहीं, हें आपलीं पत्रें कोठें राहतात यावर आहे. पत्रें आणण्याच्या दोन रीति आहेत. पहिली 'पॉप', १९८४ ची. तींत पत्रें दूरच्या पेटींतून उचलून घरीं आणावयाचीं, आणि तेथील प्रत बहुधा लगेच किंवा ठराविक दिवसांनीं पुसून टाकावयाची. दुसरी 'आयमॅप', मार्क क्रिस्पिन यांनीं १९८६ मध्यें रचलेली. तींत पत्रें दूरच्या पेटींतच राहतात व घरीं केवळ प्रतिबिंब येतें. आयमॅप असेल तर प्रोग्रॅम दहा वेळां पुसून घाला, पत्रें पुन्हां येतील. पॉप असेल तर मलकापूरचें सामान केव्हांच घरीं आलेलें असतें आणि स्थानकावर कांहींच उरलेलें नसतें. घरचें कपाट रिकामें केलें कीं सर्व संपलें. निवृत्त मंडळींचे संगणक पंधरा-वीस वर्षांपूर्वीं कोणी तरी मांडून दिलेले असतात आणि त्यांत पॉप असण्याचा संभव मोठा, हें येथें मुद्दाम सांगतों. गेलेल्या आईचें शेवटचें पत्र अशा एखाद्या संगणकांतच असावयाचें, आणि त्याची दुसरी प्रत जगांत नसावयाची.

म्हणून खात्याच्या मांडणींत जाऊन 'पॉप' कीं 'आयमॅप' हा एक शब्द वाचून घ्यावा. आयमॅप असला तरी 'स्थानिक' म्हणून वेगळे केलेले कप्पे असतील तर ते घरींच असतात, हेंहि पाहावें. नंतर प्रोग्रॅम पूर्ण बंद करावा, कारण चालू प्रोग्रॅमाच्या फाइलीची नक्कल अर्धवट उतरते. आउटलुकची पीएसटी फाइल किंवा थंडरबर्डचें संबंध प्रोफाइल एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावें, तो दुसऱ्या संगणकास लावून नक्कल उघडते याची खात्री करावी, आणि त्यावर तारीख लिहून तो कपाटांत ठेवावा. एवढें झाल्यावर शेजारच्या गृहस्थांस चहास खुशाल बोलवावें.